भोये मामांची चौथी स्लाइड

भाजी निवडताना माझा डावा डोळा आजही आपोआप मिटतो. चौतीस वर्षं एकाच डोळ्याने पाहायची सवय लागली, की दुसरा डोळा स्वतःला कायमचा रजेवर समजतो. आमच्या नाशिकच्या उपनगर भागातल्या बाजारातली भाजीवाली मला म्हणते, "मावशी, डोळा कितीबी मारा, भाव कमी नाय व्हायचा." आता तिला काय सांगणार, की बाई, हा डोळा सरकारी आहे!

मी लॅब टेक्निशियन होते. म्हणजे डॉक्टर नाही, नर्सही नाही. एका आजोबांच्या शब्दांत सांगायचं तर "थेंब थेंब रगत चोरणारी बाई". मनमाडच्या रेल्वे वसाहतीत वाढले, वडील कारखान्यात फिटर. नोकरी लागली ती नाशिकच्या पश्चिमेला, पेठच्या पलीकडच्या डोंगरात, एका आरोग्य केंद्रात. नेमणुका, बदल्या, वेतनश्रेणी यांचं पुराण मी लावणार नाही. ते माझ्या सेवापुस्तकात आहे आणि ते कोणी वाचत नाही, यातच सगळं आलं. मला सांगायचं आहे ते मलेरियाच्या जंतूबद्दल, एका माणसाबद्दल, आणि त्या माणसाशी मी बोललेल्या एका शब्दाच्या खोट्याबद्दल.

आधी काम काय ते सांगते. तापाच्या माणसाचं बोट टोचायचं, काचपट्टीवर म्हणजे स्लाइडवर एका बाजूला रक्ताचा जाड ठिपका द्यायचा, दुसऱ्या बाजूला पातळ थर ओढायचा. वाळला की त्या थरावरच शिसपेन्सिलीने नाव घालायचं. मग रंग, मग तेलाचा थेंब, आणि मग सूक्ष्मदर्शकाला, आमच्या बोलीत दुर्बिणीला, डोळा. फॅल्सिपेरम जातीचा जंतू तांबड्या पेशीच्या आत बसलेला दिसतो तो अंगठीसारखा. बारीक निळी कडी आणि तिच्यावर लाल खडा. लोकांचा जीव घेणारा आहे हे मान्य, पण इतकी सुबक वस्तू मी सराफ बाजारातल्या काचेआडसुद्धा पाहिली नाही. निवृत्त झाल्यावर माणसांना ऑफिसचा चहा आठवतो, मला ती अंगठी आठवते. तेलाचा तो लाकडी वास आठवतो. आठवतो म्हणजे काय, चक्क हवासा वाटतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एकदा एक धडधाकट गडी येऊन बोट पुढे करून बसला. रक्त घेतलं, पाहिलं, काही नाही. ताप कधीपासून विचारलं, तर म्हणाला, "मला कुठं ताप हाय? ताप धाकल्याला. पर तो पार वाळलाय, त्याच्यात रगत कमी. म्हणून म्हातारी म्हणली, तुझं देऊन ये." धाकटा घरी तापाने फणफणलेला आणि थोरला त्याच्या नावाने तपासून घेऊन समाधानाने घरी निघालेला! दुसऱ्या एकाने हट्ट धरला, की माझा जंतू मला दाखवा. दाखवला. बराच वेळ डोळा लावून बसला आणि मग काहीशा खजील आवाजात म्हणाला, "लय नाजूक हाय हो. यानं मला पाडलं?"

आम्हा टेक्निशियन लोकांना एक गोष्ट ठाऊक असायची, पण तिचं कारण ठाऊक नसायचं. फॅल्सिपेरमची फक्त पोरं दिसतात, मोठी माणसं दिसत नाहीत. म्हणजे कोवळ्या अंगठ्या बोटाच्या रक्तात सापडतात, पण जंतू जून झाला की रक्तातून गायब. पुस्तकात एवढीच ओळ होती, की तो आतल्या अवयवांत जातो. तिथे कशाला धरून राहतो, हे आम्ही विचारलं नाही. परीक्षेला ते नव्हतं.

आता तो माणूस. भोये मामा आमच्या केंद्राचे आरोग्य सेवक. मामा हे आमचं म्हणणं. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, कोकणा आदिवासी, तिथल्याच एका पाड्यावरचे. डोंगरातले पाडे पायी फिरायचे, तापाची माणसं हुडकायची, स्लाइडी काढायच्या आणि माझ्याकडे आणायच्या, हे त्यांचं काम. पावसाळ्यात स्लाइडींचं पुडकं टोपीत ठेवून वरून प्लास्टिकची पिशवी बांधायचे. अंग भिजलं तरी डोकं कोरडं राहतं, असा त्यांचा सिद्धांत होता आणि एकही स्लाइड कधी भिजली नाही, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

दुसरा कोणी सेवक असता तर पुडकं टेबलावर टाकून गेला असता. मामा थांबायचे. लॅबमध्ये बसा म्हटलं तर बसायचे नाहीत, खिडकीबाहेर उभं राहून तंबाखू मळायचे आणि माझी मान वर झाली की विचारायचे, "ताई, काय?" कारण पॉझिटिव्ह निघाली तर गोळ्या घेऊन त्याच पावली परत डोंगर चढायचा असे. रिपोर्ट उद्यावर गेला तर ताप एक दिवस जास्त. एवढं साधं गणित, पण ते पाळणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

सुरुवातीला मी जरा टेचात असे. डिप्लोमाचा माज. एकदा त्यांच्या एका स्लाइडवर "खराब" असा शेरा मारला. मामा खिडकीतून म्हणाले, "ताई, त्या पोरीनं बोट द्याया अर्धा दिस घेतला. रडली, पळाली, कणगीमागं लपली. येकदा अजून बघा." मी तणतणत पुन्हा पाहिलं. कडेला, रंग नीट न चढलेल्या जागी, एक अंगठी बसलेली होती. त्या दिवसापासून मी स्लाइडीला खराब म्हणायचं सोडलं आणि मामांनी माझ्या शब्दावर शंका घेणं सोडलं. ताई म्हणाल्या म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बरीच वर्षं अशी गेली आणि मग कार्डं आली. छोटी प्लास्टिकची पट्टी. बोटाचं रक्त टाकायचं, औषधाचे थेंब टाकायचे, एक रेघ उठली तर नाही, दोन उठल्या तर आहे. हे कार्ड जंतू पाहत नाही, जंतूने रक्तात सोडलेलं एक प्रथिन ओळखतं. ना तेल, ना डोळा, ना डिप्लोमा! मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. सवत आवडते का कोणाला? त्यात कार्डाचे दोन दोष मला पाठ होते. उन्हात राहिलं तर बिघडतं. आणि माणूस बरा झाल्यावरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे कार्ड दोन रेघा दाखवतच राहतं. दोष खरे होते, यात वाद नाही. पण दुसऱ्याचे दोष पाठ असले की माणूस ते जागोजागी वापरायला लागतो.

मामांची धाकटी मुलगी यमुना. लग्न होऊन वर्ष झालेलं. नवऱ्याबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला गेली होती आणि पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आली. अंगात कणकण, चेहरा पांढराफटक. महिन्याभरापूर्वी तिकडे ताप येऊन गेला होता, कुठल्याशा डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या. मामांनी लेकीचं बोट टोचलं, कार्ड लावलं आणि स्लाइडही काढली.

मी स्लाइड पाहिली. निल. म्हणजे जंतू नाही.

"ताई, कार्डावर दोन रेघा हायेत," मामा खिडकीतून म्हणाले. "ठळक हायेत."

"मामा, तिला मागे ताप येऊन गेलाय. त्याची जुनी खूण आहे ती."

चार दिवसांनी त्यांनी दुसरी स्लाइड आणली आणि कार्डही आणलं. पुन्हा दोन रेघा, पुन्हा स्लाइड निल. त्यानंतर आठवड्याने तिसरी. तीही निल. मी तिन्ही वेळा अख्खी स्लाइड बघितली होती. आमचे डॉक्टर नवे होते, पोरसवदा. त्यांनी मला विचारलं, "काय करू या? कार्ड पॉझिटिव्ह आहे म्हणून औषध सुरू करू?" मी म्हटलं, "सर, पहिलटकरीण आहे, पोटात बाळ आहे, कार्डावर विसंबून कशाला औषधांचा मारा? स्लाइड स्वच्छ आहे." डॉक्टर मामांकडे बघायला लागले. मामा म्हणाले, "ताई म्हणतात तसं." तिला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या.

आठव्या महिन्यातच यमुना बाळंत झाली, आमच्याच केंद्रात. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. रडलीसुद्धा हळू. नाशिकला हलवा, असं डॉक्टर म्हणाले. गाडीची सोय होईपर्यंत दुपार झाली, नेली, पण पाचवी पुजायच्या आधीच ती गेली. नाव ठेवायलाही सवड दिली नाही तिने.

पुढच्या दिवशी मामा खिडकीपाशी आले. टोपी नव्हती. सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एकच स्लाइड काढून त्यांनी गजांतून आत दिली. तिच्यावर नाव नव्हतं. मी विचारलं, "कोणाची?"

"वारंची हाय."

त्या बाजूला बाळाची वार, म्हणजे बाळामागून पडणारी नाळेची गादी, मडक्यात घालून घराशेजारी पुरतात आणि वर दगड ठेवतात. ती अख्खी पुरायची असते. तिला कापलं, टोचलं तर बाळाला बाधतं, असं सगळे मानतात. शहाण्यांनी हसायचं कारण नाही. स्वतःच्या नातवंडाची वार हातात आली, की सगळेच मानतात. मामांनी मात्र, बाळ अजून जिवंत होतं तेव्हा, मडक्यात ठेवण्याआधी ब्लेडने वारेचा काप घेतला होता आणि त्यावर काच दाबली होती. तालुक्याच्या एका ट्रेनिंगमध्ये कोणी डॉक्टर बोलून गेले होते, की गरोदर बाईत हा जंतू वारेत लपतो. मीही होते त्या ट्रेनिंगला. माझ्या वहीत ते वाक्य आहेसुद्धा, खाली दोन रेघा मारलेलं.

"कापायची नसती," मामा म्हणाले. "मी कापली."

मी रंग चढवला, तेलाचा थेंब सोडला, डोळा लावला. पहिल्याच नजरेत जंतू. एक नाही, दोन नाहीत. जिकडे पाहावं तिकडे, पेशी पेशीत, आणि कोवळ्या अंगठ्या नव्हेत, तर काळ्या दाण्यांनी भरलेले जून जंतू, जे मला इतक्या वर्षांत कधी बोटाच्या रक्तात दिसले नव्हते. सगळी मोठी माणसं तिथे जमलेली होती.

मी मान वर केली.

"ताई, काय?"

"निल," मी म्हणाले.

का म्हणाले? त्यांना दुःखावर डागणी नको म्हणून, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. ते खोटं नाही, पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं, की त्या खिडकीत माझ्या शब्दाला जी किंमत होती ती मला गमवायची नव्हती. मामांनी मान हलवली, स्लाइड परत मागितली नाही, आणि गेले. मी ती धुऊन टाकली. टेक्निशियन म्हणून यापेक्षा मोठं पाप नाही.

आणि "कापायची नसती, मी कापली" या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. मामा माझ्याकडे जंतू आहे की नाही एवढंच विचारायला आले नव्हते. माझ्या नातीला कोणी नेलं, तापाने की माझ्या हाताने, हे विचारायला आले होते. मी निल म्हणाले, म्हणजे ताप नव्हता. मग उरलं काय? ते ब्लेड. मी त्यांना ते ब्लेड हातात देऊन घरी पाठवलं.

त्यानंतर मामा खिडकीवर आले नाहीत. नोकरी तशीच चालू होती, स्लाइडीही तशाच यायच्या, नीट ओढलेल्या, नीट नाव घातलेल्या. पण पुडकं एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचं. केंद्रातल्या बैठकीत दिसले तर "बरं हाय ना ताई" म्हणायचे आणि दुसऱ्या खुर्चीकडे सरकायचे. मी कित्येकदा स्लाइड पाहून मान वर करी आणि खिडकीत झाडाशिवाय काही नसे. पुढे ते निवृत्त झाले, माझी बदली नाशिक शहरात झाली. इथे लॅबला खिडकी होती, तिला एसी बसवलेला होता. मला त्या माणसाची आठवण यायची तशी सख्ख्या नातलगांची येत नाही. लाज आणि ओढ दोन्ही एकदम असली, की माणूस जात तर नाहीच, विसरतही नाही.

दुसरा एक किडा डोक्यात होताच. पहिल्या तीन स्लाइडींत खरंच काही नव्हतं, की मला दिसलं नव्हतं? कार्डावरच्या रागाने मी भराभर सरकले होते का? स्लाइडी धुतल्या गेल्या होत्या, पुन्हा बघायची सोय नव्हती. माझ्याच डोळ्यावर मी संशय घेत उरलेली नोकरी केली.

निवृत्तीनंतर, अलीकडेच, नाशिकच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. मायक्रोबायोलॉजीच्या मुलांना जाड ठिपक्याची स्लाइड कशी करतात ते दाखवायचं होतं. आता सगळीकडे कार्डं आणि यंत्रं. हाताने रंग चढवणारं माणूस म्हणजे जत्रेतलं नवल. तिथल्या प्राध्यापिका अश्विनी, मूळच्या सटाण्याकडच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी याच जंतूच्या प्रथिनांवर संशोधन केलेलं. मुलं गेल्यावर चहा पिताना मी त्यांना यमुनाची गोष्ट सांगितली. नावं गाळून, आणि निलचा भाग गाळून. तीन स्लाइडी स्वच्छ आणि वार भरलेली, एवढीच.

त्यांनी लॅपटॉप उघडला, एक रंगीत चित्र काढलं आणि घरच्या अहिराणीत म्हणाल्या, "हाऊ शे तुमना चोर." म्हणजे, हा तुमचा चोर.

मला वाटलं कुरडई आहे. खरंच, उन्हात वाळत घातलेल्या कुरडयांचा ढीग असावा तशी वळणावळणाची, गुंतलेली आकृती. त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. जंतू तांबड्या पेशीच्या आत लपलेला असतो खरा, पण तिथे बसून तो एक प्रथिन बनवतो आणि पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर नेऊन रोवतो. पेशी त्याने चिकट होते आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बसते. वाहत राहिली तर पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, पकडली जाईल ना, म्हणून! जून जंतू बोटाच्या रक्तात का दिसत नाहीत, याचं उत्तर एवढंच. बरं, शरीराने हे प्रथिन ओळखायला शिकावं, तर जंतू ते काढून दुसरं घालतो. असे साठेक अंगरखे त्याच्या पोतडीत असतात. त्यातला एक अंगरखा नुसत्या वारेसाठी राखून ठेवलेला.

"हा बघा," अश्विनी म्हणाल्या. चित्राच्या मध्ये एक बोगदा होता. वारेच्या पेशींवर साखरेच्या लांब साखळ्या असतात, तशीच एक साखळी त्या बोगद्यातून गेलेली दाखवली होती, परकराच्या नेफ्यातून नाडी जावी तशी. अणू न् अणू कुठे टेकतो ते दिसत होतं. एवढी बारीक रचना, काय तर म्हणे एका कोट्यवधींच्या यंत्रात, प्रथिन गोठवून, हजारो फोटो काढून जुळवलेली. "पहिलटकरणीच्या शरीराने हा अंगरखा आधी कधी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे तिला जास्त त्रास. बहुतेक सगळे जंतू तिथे अडकून बसतात. काकू, बोटाच्या रक्तात कोवळे येतात तेही इतके थोडे, की स्लाइडवर सापडत नाहीत. तुम्ही काय, कोणीही बघितलं असतं तरी स्लाइड निलच आली असती."

मी त्या बोगद्याकडे बघत राहिले. डावा डोळा मिटला होता, हे अश्विनींनी मला नंतर सांगितलं. रडू आलं, ते लपवता आलं नाही. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझा डोळा मला परत दिला होता.

पण रिक्षात बसेपर्यंत तो आनंद ओसरला. डोळा निर्दोष सुटला, ठीक. तोंडाचं काय? तीनदा मी खरं निल म्हणाले होते. पण कार्ड दोन रेघा काढून ओरडत होतं आणि मी त्याला गप्प केलं. ते माझ्या डोळ्याने नाही, माझ्या तोऱ्याने केलं. आणि चौथ्या वेळी तर सरळ खोटं. ते कुठल्याही यंत्रात गोठवून दाखवलं तरी खोटंच राहणार होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळची पेठची एसटी धरली. पुढे जीप, आणि शेवटचा चढ पायी. भात कापून झालेलं, नागलीची मळणी चाललेली. मामा अंगणात बाजेवर बसले होते. पार वाळले होते, पण टोपी तीच. मामी सुपात नागली पाखडत होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं, पाणी दिलं, यमुनाची खबर दिली. तिला पुढे दोन मुलगे झाले, थोरला आता नाशिकला आयटीआयला आहे.

मी चित्राचा कागद काढून दाखवला, अंगरख्याची गोष्ट सांगितली. मामांनी ऐकून घेतली. मग मी म्हणाले, "मामा, त्या चौथ्या स्लाइडीबद्दल मला सांगायचंय."

ते हसले. "ताई, निल म्हणाया तुम्हांला टाइम लागायचा. शंभर जागा बघाव्या लागत्यात, तवा माणूस निल म्हणतो. माझी तंबाखू मळून, तोंडात टाकून, थुकून व्हायची. पॉझिटिव असली की लगीच मान वर. किती साल उभा व्हतो मी तिथं? त्या दिशी तुम्ही लगीच मान वर केली. आन् म्हणाल्या निल."

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"मान एक बोलली, तोंड दुसरं बोललं. तुमचं तोंड कधी खोटं नव्हतं पडलं. मंग मी मान खरी धरू का शबूद? कधी हे वाटायचं, कधी ते."

"विचारायचं होतंत मामा. तुम्ही यायचंच सोडलंत."

"आलो असतो तर इचारलं असतं. तुम्ही खरं बोलल्या असत्या, मंग दुसऱ्या दिशी दुर्बिणीला डोळा लावला असता का? आमच्या डोंगराला दुसरी दुर्बीण कुठं व्हती?" मग म्हणाले, "आता तुम्हीबी रिटायर, मीबी रिटायर. आता सांगा."

"काय सांगू?"

"रिपोर्ट."

मामींचं सूप थांबलं होतं. मी म्हणाले, "पॉझिटिव्ह होती मामा. फॅल्सिपेरम. सगळी स्लाइड भरलेली होती."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मामींकडे वळले, आणि एखाद्या पाड्यावर निरोप पोचवावा तसं एकेक शब्द मोजून म्हणाले, "आयकलंस? ब्लेडनं नाय गेली पोर."